नसलेल्या पायाचं दुखणं

गुडघ्याखाली पाय काढलेला माणूस मध्यरात्री उठून बसतो. म्हणतो, अंगठ्यात कळ मारतेय, बोटं आवळून आलीयत. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत, सवय होईल. ही तक्रार फ्रान्सचे शल्यविशारद आम्ब्रूआज पारे यांनी सोळाव्या शतकातच लिहून ठेवली होती. तिच्यावर विश्वास बसायला मात्र शतकं गेली.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात (१८६१–६५) हजारोंचे हातपाय कापावे लागले. फिलाडेल्फियाचे डॉ. सायलस वेअर मिचेल अशा सैनिकांना तपासत होते. आपलं निरीक्षण त्यांनी आधी मांडलं ते कथेतून, तेही नाव न देता. १८६६ मध्ये ‘अटलांटिक मंथली’त आलेल्या या कथेचा नायक होता चारही हातपाय गमावलेला लष्करी डॉक्टर. ती खरी समजून वाचकांनी त्याच्यासाठी पैसे पाठवले. १८७१ मध्ये मिचेल यांनी स्वतःच्या नावाने लेख लिहिला आणि गेलेला अवयव जाणवत राहण्याला ‘फँटम लिंब’ हे नाव रूढ झालं.

पुढची कित्येक दशकं उपाय शोधला गेला तो थोट्यातच, म्हणजे कापून उरलेल्या भागातच. कापलेल्या नसेच्या टोकाशी गाठ धरते, धक्का लागला की करंट बसल्यासारखी चमक येते. हे कारण खरंच होतं. म्हणून गाठ काढायची, नस आणखी वर कापायची. अनेकांचं दुखणं काही दिवस थांबायचं आणि परतायचं. १९६५ मध्ये वेदनेचे अभ्यासक मेलझॅक आणि वॉल यांनी मांडलं की वेदनेचा संदेश मज्जारज्जूत कमी-जास्त होतो आणि त्यावर मेंदूचाही ताबा असतो. आता लक्ष थोट्यापासून वर सरकू लागलं.

१९९० च्या दशकात मेंदूचे अभ्यासक व्ही. एस. रामचंद्रन यांनी आरसा आणला. खोक्यात आरसा उभा ठेवायचा, शाबूत हात पुढे, थोटा मागे. गेलेल्या हाताच्या जागी प्रतिबिंब दिसतं. शाबूत हाताची मूठ सावकाश उघडली, की वर्षानुवर्षं आवळलेली, तळव्यात नखं रुतल्यासारखी वाटणारी ती दुसरी मूठही काहींना सैल झाल्यासारखी वाटे. २००७ मध्ये पाय गमावलेल्या १८ अमेरिकी सैनिकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चार आठवडे रोज पंधरा मिनिटं आरशात बघणाऱ्या सहाही जणांचं दुखणं कमी झालं. झाकलेला आरसा किंवा नुसती कल्पना यांनी तसं साधलं नाही. तरी अभ्यास लहानच होता आणि आरसा सगळ्यांना लागू पडत नाही. आज अपस्माराच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्या नसांच्या दुखण्यावर दिल्या जातात. कापलेली नस जवळच्या स्नायूच्या नसेला जोडण्याची शस्त्रक्रियाही आता होते. हमखास उपाय अजून नाही.

आपल्याकडे या काळात भर राहिला तो माणसाला पुन्हा उभं करण्यावर. पुण्यात १९४४ मध्ये लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र निघालं, १९६८ च्या सुमारास जयपूर फूट हा कृत्रिम पाय आला. हे काम फार मोठं आहे. पाय बसला की माणूस शेतावर, कामावर जातो, आणि मधुमेहाने किंवा अपघाताने पाय गेलेल्यांना तर त्याची निकड असतेच. पण शिबिरात माप घेतलं जातं, पाय चढवला जातो, दोन फेऱ्या मारून बघितल्या जातात. थोटा ज्यात बसतो ते सॉकेट टोचतंय का, हे विचारलं जातं. रात्री काय होतं, हे सहसा विचारलं जात नाही. पेशंटही सांगत नाही, लोक वेडा म्हणतील म्हणून.

आजवर या दुखण्याबद्दल जे कळलं, ते कोणीतरी पेशंटचं म्हणणं खरं धरलं म्हणून. मिचेल यांनी सैनिकांचं धरलं, रामचंद्रन यांनी आरशापुढे बसलेल्यांचं. केसपेपरवर थोट्याच्या मापाशेजारी ‘गेलेला पाय दुखतो का?’ एवढी ओळ छापायला काहीच खर्च येत नाही. आणि उत्तर ‘हो’ आलं, तर मापं घेणाऱ्याने त्या माणसाला वेदनेच्या डॉक्टरकडे पाठवायला हवं.