पटावरचे दोघे आणि वृत्तपत्रांतले दोघे

१९७२ च्या उन्हाळ्यात आइसलँडची राजधानी रेक्याविक येथे बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदासाठी जो सामना झाला, त्याची हकीकत आपल्यापैकी पुष्कळांच्या कानांवरून गेली असेल. सोव्हिएट युनियनचा बोरिस स्पास्की हा जगज्जेता होता आणि अमेरिकेचा बॉबी फिशर हा त्याचा आव्हानवीर. एकूण २४ डाव व्हावयाचे होते; परंतु २१ व्या डावाअखेर साडेबारा विरुद्ध साडेआठ अशा गुणांनी फिशर विजयी झाला आणि सामना तेथेच संपला. या डावांचे गुणदोष सांगण्याचा अधिकार जाणकारांचा. आम्हांस विचार करावयाचा आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. उंट कसा चालतो आणि घोडा कसा उडी मारतो हेही ज्यांना धड ठाऊक नव्हते, अशा असंख्य लोकांनी हा सामना दोन महिने वृत्तपत्रांतून मोठ्या उत्कंठेने वाचला, आणि वाचला तो दोन राष्ट्रांची लढाई म्हणून. ही लढाई पटावर होती की छापखान्यात सिद्ध झाली, आणि तिच्यात या दोघांना मिळालेल्या भूमिका त्यांच्या अंगाला कितपत बसत होत्या, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेतला आहे.

वृत्तपत्रांनी सारे हवेतून निर्माण केले, असे मात्र कोणी समजू नये. रशियात क्रांतीनंतर बुद्धिबळाला खुद्द सरकारचा आश्रय मिळाला. निकोलाय क्रिलेंको हा बोल्शेव्हिक पुढारी १९२४ पासून तेथील बुद्धिबळ संघटनेचा प्रमुख होता. त्याने या खेळाचा प्रसार कामगारांत व सैनिकांत केला. पुढे १९३८ साली स्टालिनच्या राजवटीत त्यालाच गोळी घालण्यात आली, हा भाग निराळा. १९४८ पासून जगज्जेतेपद सोव्हिएट खेळाडूंच्या बाहेर गेलेच नव्हते. बोत्विनिक, स्मिस्लोव्ह, ताल, पेत्रोस्यान आणि स्पास्की अशी ती परंपरा. बुद्धीच्या खेळात आपण अजिंक्य आहोत, यावरून आपली समाजरचना श्रेष्ठ ठरते, असे अनुमान तेथील राज्यकर्ते काढीत आणि लोकांनीही ते काढावे अशी त्यांची इच्छा असे. तेव्हा बुद्धिबळात राजकारण प्रथम आणले ते काही पाश्चात्त्य बातमीदारांनी नव्हे.

पण याच दोन देशांमधला एक जुना सामना आठवून पाहा. सप्टेंबर १९४५ मध्ये, महायुद्ध नुकतेच संपले असता, अमेरिका व सोव्हिएट युनियन यांच्यात बिनतारी यंत्राने चाली कळवून दहा पटांवर सामना खेळला गेला. सोव्हिएट संघाने तो साडेपंधरा विरुद्ध साडेचार असा, म्हणजे अगदी एकतर्फी जिंकला. तेव्हा हे दोन देश हिटलरविरुद्धचे दोस्त होते. त्यामुळे मॉस्को आणि न्यूयॉर्क यांमध्ये धावणाऱ्या त्या चाली मैत्रीच्या खुणा ठरल्या. खेळ तोच, देश तेच, पराभव तर १९७२ पेक्षा कितीतरी मोठा. तरी कोणाला त्यात युद्ध दिसले नाही.

१९७२ ची गोष्ट तर याहून विलक्षण. त्याच वर्षाच्या मे महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन स्वतः मॉस्कोला जाऊन आले होते आणि अण्वस्त्रांना आळा घालणाऱ्या करारावर २६ मे रोजी सह्या झाल्या होत्या. मुत्सद्दी हस्तांदोलन करीत होते, आणि त्यानंतर जेमतेम पाच-सहा आठवड्यांनी वृत्तपत्रे शीतयुद्धाचा निर्णायक संग्राम रेक्याविकला लावून देत होती. आमच्या मते येथे एक प्रकारची भरपाई चालली होती. खऱ्या आघाडीवर बातमी थंडावली की बातमीचा धंदा दुसरी आघाडी शोधतो.

या कामी फिशरने भरपूर इंधन पुरविले, हेही सांगितले पाहिजे. १९६२ साली क्युरासाओ बेटावर झालेल्या स्पर्धेनंतर त्याने ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’ या अमेरिकन साप्ताहिकात एक लेख लिहून रशियन खेळाडू संगनमत करतात असा उघड आरोप केला. या आरोपात तथ्य नव्हते असे नाही. पेत्रोस्यान, केरेस व गेलर या तिघांनी आपापसांतले बाराही डाव बरोबरीत सोडविले होते. पुढे आंतरराष्ट्रीय संघटनेने आव्हानवीर निवडण्याची पद्धतच बदलली आणि एकास एक असे सामने सुरू केले. १९७१ मध्ये त्या सामन्यांत फिशरने तैमानोव्हला ६-०, डेन्मार्कच्या लार्सनला ६-० आणि माजी जगज्जेत्या पेत्रोस्यानला साडेसहा विरुद्ध अडीच असे हरविले, तेव्हा जाणकारही थक्क झाले. ‘स्वतंत्र जग विरुद्ध लबाड रशियन’ अशी मांडणी त्याने स्वतः मुलाखतीत केली होती. बातमीदाराला याहून अधिक काय हवे?

आता बातमीदाराची अडचण पाहा. जगाचे लक्ष लागलेली ही घटना, आणि तिच्यात पाहण्यासारखे काही नाही! दोन माणसे पाच-पाच तास समोरासमोर बसतात. वीस-वीस मिनिटे कोणी हालत नाही. डाव तहकूब होऊन दुसऱ्या दिवसावर जातो. त्यातही फिशरने कॅमेऱ्यांना विरोध केलेला, म्हणून चित्रे मिळण्याची पंचाईत. आलेल्या शेकडो शब्दांच्या मागणीला पुरवठा करावयाचा तो कशाच्या आधारावर? साहजिकच चाली मागे पडल्या आणि माणसे पुढे आली. फिशर काय खातो, मध्यरात्री कोठे पोहतो, कोणती खुर्ची मागतो, कोणावर रागावतो, हीच बातमी झाली.

आणि अशी बातमी पुरविण्यात फिशरने कसूर केली नाही. १ जुलैला उद्‌घाटन झाले तेव्हा तो आलाच नव्हता. बक्षिसाची रक्कम त्याला कमी वाटत होती. जिम स्लेटर या ब्रिटिश धनिकाने आपल्या पदरचे सव्वा लाख डॉलर घालून ती दुप्पट, म्हणजे अडीच लाख डॉलर केली. अध्यक्षांचे सल्लागार किसिंजर यांनी स्वतः फोन केला. आणि ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, स्वारी आइसलँडला उतरली. ११ जुलैला पहिला डाव सुरू झाला. सरळ बरोबरीकडे चाललेल्या डावात फिशरने उंटाने कडेचे एक प्यादे खाल्ले, तो उंट तेथेच कोंडला गेला आणि डाव हातचा गेला. दुसऱ्या डावाला कॅमेऱ्यांच्या कुरबुरीवरून तो आलाच नाही. न खेळताच गुण स्पास्कीला मिळाला. दोन शून्य!

या आठवड्यातली पाश्चात्त्य वृत्तपत्रे चाळली तर फिशर हा पैशाचा लोभी, आडमुठा, लाडावलेला पोर म्हणून रंगविलेला दिसतो, आणि त्यात अमेरिकन पत्रेही मागे नव्हती. स्पास्की मात्र सभ्य, देखणा, सहनशील. १६ जुलैला तिसरा डाव रंगमंचामागच्या एका खोलीत, प्रेक्षकांपासून दूर खेळण्यास स्पास्कीने संमती दिली. तो डाव फिशरने जिंकला. स्पास्कीविरुद्धचा त्याच्या आयुष्यातला हा पहिलाच विजय. मग पारडे फिरले, आणि पारड्याबरोबर चित्रही. जो हट्ट काल पोरकटपणा होता तो आज बाणेदारपणा ठरला. एकट्याने यंत्रणेशी झुंजणारा वीर ही प्रतिमा याच दिवसांत पक्की झाली. माणूस तोच, त्याच्या मागण्याही त्याच; बदलला होता तो केवळ गुणफलक.

इंग्रजी ‘संडे टाइम्स’साठी आर्थर केसलर या नामांकित लेखकाने या सामन्याचा वृत्तांत लिहिला. त्याने फिशरसाठी एक जोडशब्द बनविला. त्यात अर्धा भाग लाजाळूच्या झाडाचा आणि अर्धा हत्तीचा. स्वतःच्या बाबतीत स्पर्श होताच मिटणारा आणि दुसऱ्याच्या भावनांच्या बाबतीत जाड कातडीचा, असा त्याचा भाव. दोन महासत्तांच्या शेकडो रकान्यांत हा एक शब्द आम्हांस अधिक खरा वाटतो. कारण तो एका माणसाविषयी आहे, त्याच्या देशाविषयी नाही.

आता पडद्यापलीकडची वृत्तपत्रे. तेथे ‘बॉबी’ हे नाव नव्हते. रशियन बुद्धिबळाच्या पानांवर तो रॉबर्ट फिशर होता. लाडके नाव आणि पाळण्यातले नाव यांत केवढे अंतर असते, हे आम्ही सांगावयास नको. (आपल्याकडे भारत-सोव्हिएट मैत्रीचा करार होऊन त्या वेळी नुकते वर्ष होत होते आणि अमेरिकेचे आरमार बंगालच्या उपसागरात येऊन गेल्याची आठवण ताजी होती, तरी मराठीत हा माणूस आजतागायत ‘बॉबी’ फिशरच आहे. नाव कोणत्या वाटेने आले हे त्यावरून कळते.) सोव्हिएट पत्रांनी जोर दिला तो पैशावर: भांडवलशाहीत खेळाडूही बाजारात उभा राहतो, हा त्यांचा धडा. त्यांच्या बुद्धिबळाच्या नियतकालिकांत मात्र फिशरच्या डावांचे विवेचन जाणकारीने, कित्येकदा खुल्या कौतुकाने होत असे. ज्यांना चाली वाचता येत होत्या त्यांना खरे चित्र तेथे मिळत होते.

स्पास्की मागे पडू लागला तसा त्याच्या मागच्या मंडळींचा धीर सुटला. ऑगस्टच्या उत्तरार्धात त्याचा सहायक गेलर याने निवेदन काढले की सभागृहात काही विद्युत् किंवा रासायनिक उपायांनी जगज्जेत्यावर परिणाम घडविला जात असावा. झाले! खुर्च्यांची क्ष-किरणांनी तपासणी झाली, छतावरचे दिवे उघडण्यात आले. दिव्यांच्या पेटीत दोन मेलेल्या माश्या सापडल्या. जगभरच्या वृत्तपत्रांना त्या माश्यांनी जेवढा मजकूर पुरविला तेवढा कदाचित एखाद्या उत्कृष्ट डावानेही पुरविला नसेल.

उत्कृष्ट डावांची उणीव मात्र नव्हती. २३ जुलैचा सहावा डाव घ्या. राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे सारून आरंभ करावयाचा, ही फिशरची आयुष्यभराची सवय. त्या दिवशी ती मोडून त्याने वजिराच्या बाजूने आरंभ केला आणि स्पास्कीच्या हातखंड्याच्या बचावातच त्याला हळूहळू आवळत नेले. डाव संपला तेव्हा प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, आणि पराभूत जगज्जेताही त्यांच्याबरोबर टाळ्या वाजवू लागला. लढाईच्या बातमीत ही गोष्ट बसवावयाची कशी? शत्रूच्या तोफेला कोणी टाळ्या वाजवीत नाही.

पुढे कागदपत्रे व आठवणी बाहेर आल्या, तेव्हा या विसंगतीचा उलगडा झाला. ज्याला सोव्हिएट यंत्रणेचा शिपाई म्हणून रंगविले तो स्पास्की कम्युनिस्ट पक्षाचा सभासदही नव्हता. दुसऱ्या डावानंतर, फिशर गैरहजर राहिल्याचा फायदा घेऊन सामना सोडून परत यावे, असा आग्रह क्रीडाखात्याचे प्रमुख पाव्हलोव्ह यांनी फोनवरून धरला. स्पास्कीने तो मानला नाही. त्याला खेळावयाचे होते. मानला असता तर जगज्जेतेपद बहुधा त्याच्याकडेच राहिले असते! दुसरीकडे, ज्याला अमेरिकेचा वीर म्हणून मिरविले, त्या फिशरच्या आईने १९३० नंतरच्या काळात मॉस्कोत वैद्यकाचे शिक्षण घेतले होते आणि त्या संशयावरून अमेरिकेच्याच गुप्त पोलिसांनी वर्षानुवर्षे तिच्यावर पाळत ठेवली होती. ही गोष्ट २००२ साली उघडकीस आली. एका राष्ट्राने आपल्या अधिकाऱ्यांना न जुमानणारा माणूस आपला प्रतिनिधी म्हणून धाडला होता, तर दुसऱ्याने ज्या घरावर आपणच संशय घेतला त्या घरातला मुलगा. वृत्तपत्रांनी मात्र दोघांच्या छातीवर ध्वज चिकटवले.

पराभवाची किंमत मात्र खरी होती. फिशरकडून ६-० हरलेल्या तैमानोव्हच्या सामानात सोल्झेनित्सिनचे पुस्तक सापडल्याचे निमित्त करून त्याच्या पदव्या काढून घेण्यात आल्या आणि परदेशप्रवास बंद झाला. स्पास्कीच्या वाट्याला इतके आले नाही. काही महिने त्याला बाहेरच्या स्पर्धांना जाऊ दिले नाही एवढेच, आणि १९७३ सालची सोव्हिएट अजिंक्यपद स्पर्धा जिंकून त्याने उत्तर दिले. १९७६ मध्ये तो फ्रान्सला जाऊन राहिला.

१ सप्टेंबर १९७२ रोजी स्पास्कीने तहकूब असलेला एकविसावा डाव टेलिफोनवरून सोडल्याचे कळविले. जगाच्या दृष्टीने त्या दिवसाची आइसलँडमधली बातमी ती एकच. खुद्द आइसलँडच्या लोकांना मात्र त्या दिवशी दुसरेही काही महत्त्वाचे होते. आपल्या किनाऱ्यापासून ५० मैलांपर्यंत परक्यांनी मासे धरू नयेत हा त्यांचा निर्बंध नेमका त्याच दिवशी अमलात आला, आणि त्यावरून ब्रिटनशी त्यांचा झगडा सुरू झाला. ज्या झगड्यात नौका नौकांवर आदळल्या तो हा.

फिशर त्यानंतर वीस वर्षे सार्वजनिक सामना खेळला नाही. १९७५ मध्ये कार्पोव्हशी न खेळताच त्याचे पद गेले. १९९२ साली युगोस्लाव्हियावर निर्बंध असताना तो तेथे स्पास्कीशी पुन्हा खेळला, आणि त्याला मनाई करणाऱ्या अमेरिकन सरकारच्या पत्रावर पत्रकार परिषदेत थुंकला. तेव्हापासून तो आपल्या देशात आरोपी झाला. त्याची नंतरची वक्तव्ये, विशेषतः ज्यू लोकांविषयीची, इतकी विषारी होती की त्यांचे समर्थन कोणी करू नये. २००४ मध्ये जपानने त्याला अटकेत ठेवले, तेव्हा स्पास्कीने अध्यक्ष बुश यांना पत्र लिहिले की १९९२ चा सामना आम्ही दोघांनी खेळला, अपराध दोघांचा सारखाच. मलाही पकडा, त्याच्याच कोठडीत ठेवा आणि आम्हांला एक पट द्या. मार्च २००५ मध्ये आइसलँडच्या संसदेने फिशरला नागरिकत्व दिले आणि जानेवारी २००८ मध्ये रेक्याविक येथेच तो वारला. त्याच्या सुटकेसाठी जी आइसलँडची मंडळी झटली, तीत १९७२ साली त्याचा रक्षक म्हणून वावरलेला पोलीस सेमुंदुर पाल्सन हाही होता.