हाड वाढत नाही, सरकतं

पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, आतल्या बाजूला, एक टणक उंचवटा येतो. चप्पल तिथे घासते, कातडी लाल होते, आणि घरातलं कुणीतरी ‘हाड वाढलंय’ असं निदान करून मोकळं होतं. इंग्रजीत या दुखण्याला बनियन म्हणतात. मराठी माणसाला त्यावरून गंजीफ्रॉकच आठवणार! डॉक्टर ‘हॅलक्स व्हॅल्गस’ म्हणतात. पण खरा घोटाळा नावात नसून त्या घरगुती निदानात आहे. उभं राहून काढलेल्या एक्स-रेमध्ये नवं हाड जवळपास दिसतच नाही. दिसतं ते असं, की अंगठ्यामागचं लांब हाड दुसऱ्या पायाच्या दिशेनं सरकलंय आणि अंगठा मात्र उलटीकडे, शेजारच्या बोटावर कललाय. उंचवटा म्हणजे त्या सरकलेल्या हाडाचं डोकं. अंगठा साधारण १५ अंशांपर्यंत कललेला असणं आणि पहिल्या दोन लांब हाडांमधला कोन ९ अंशांच्या आत असणं स्वाभाविक मानतात. त्यापुढे विकृती सुरू होते. शिवाय ते हाड पुष्कळदा स्वतःभोवती थोडं पिळलेलंही असतं. हाड वाढलेलं नसून जागेवरून हललेलं आहे, हे एकदा मान्य केलं की शस्त्रक्रियेबद्दलचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

कारण ‘वाढलेलं हाड तासून टाका’ हा उपाय करून झालेला आहे. सिल्व्हर यांनी १९२३ मध्ये उंचवटा कापून सांध्याभोवतीचं आवरण घट्ट शिवण्याची पद्धत वर्णिली. करायला सोपी, पण कोन तसाच राहत असल्यानं दुखणं अनेकदा परत येई. त्याआधीची, १९०४ मधली केलर यांची पद्धत सांध्याचा भागच काढून टाकणारी. तिनं दुखणं थांबे, पण अंगठा आखूड आणि ढिला पडे, चालताना जमिनीवर रेटा देण्याची त्याची ताकद जाई. ‘अंगठ्याचं ऑपरेशन करू नये, पाय कायमचा जातो’ ही भीती मला निराधार वाटत नाही. फक्त ती जुन्या शस्त्रक्रियांची आहे.

आजचा सर्जन हाड कापतो ते सरकवण्यासाठी. विकृती कमी असेल तर डोक्याजवळ इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा छेद देऊन डोकं काही मिलिमीटर शेजारच्या बोटाकडे ढकलतात आणि स्क्रूनं पक्कं करतात. याला शेव्हरॉन म्हणतात. कोन मोठा असेल तर हाडाच्या लांबीभर झेडसारखा छेद देतात, त्याचं नाव स्कार्फ. हा गळ्यातला स्कार्फ नव्हे, सुतारकामातला शब्द आहे: दोन तुळया टोकाला टोक लावून न जोडता तिरक्या कापून एकमेकींवर बसवल्या की सांधा भार झेलतो, तीच युक्ती. हाडाच्या बुंध्याचाच सांधा ढिला असेल तर तो कायमचा जोडून टाकतात. लॅपिडस यांच्या नावानं ओळखली जाणारी ही पद्धत १९३४ पासूनची, पण हाडाचा पीळ सोडवण्याचं महत्त्व कळल्यावर तिला नव्यानं दिवस आले आहेत. अलीकडे या सगळ्यात ‘टाक्यांविना’ शस्त्रक्रियेची जाहिरात जोरात आहे. तीत काही मिलिमीटरच्या छिद्रातून दोन-तीन मिलिमीटर जाडीचं फिरतं पातं आत घालतात, हाड तापून जळू नये म्हणून त्यावर सलाइनची धार धरतात आणि एक्स-रेच्या पडद्यावर बघत छेद घेतात. व्रण लहान राहतो, पहिले काही दिवस दुखतंही कमी. मात्र वर्षभरानं पाहिलं तर उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा निकाल फार वेगळा दिसत नाही. छिद्र केवढं यापेक्षा त्या सर्जनचा हात त्या पद्धतीत किती बसलेला आहे, हे विचारणं जास्त उपयोगाचं.

यावर पहिला आक्षेप येतो तो चपलेचा. दोष पादत्राणांचा, मग शिक्षा पायाला का? यात तथ्य आहे. केंब्रिजमधल्या मध्ययुगीन सांगाड्यांच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आधीच्या शतकांतल्या ६ टक्के लोकांत ही विकृती सापडली, तर चौदाव्या-पंधराव्या शतकात, टोकदार बुटांची फॅशन आल्यावर, २७ टक्क्यांत. पण त्या ६ टक्क्यांचं काय? आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, आणि सैल चप्पल घासणं थांबवते, सरकलेलं हाड मागे आणत नाही. बोटांमध्ये घालायच्या सिलिकॉनच्या गाद्या आणि रात्री बांधायचे पट्टे यांचंही तेच. फिनलंडमध्ये २०९ रुग्णांवर झालेल्या, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रिया, बुटात घालायचे खास तळवे आणि नुसती वाट पाहणं यांची तुलना झाली. तळव्यांनी सहा महिने आराम दिला. वर्षअखेरीला शस्त्रक्रिया झालेलेच सर्वांत बरे होते.

‘परत येतं’ हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हो, काहींचा अंगठा पुन्हा कलतो, विशेषतः मूळ कोन मोठा असेल किंवा सुधारणा अर्धवट झाली असेल तेव्हा. पण एक्स-रेवर पाच अंश कलणं आणि पुन्हा दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणूनच शस्त्रक्रियेचा निकष दुखणं हाच असावा. पाय फोटोत वाईट दिसतो म्हणून न दुखणाऱ्या अंगठ्यावर करवत चालवणं मला तरी पटत नाही. तिथे जंतुसंसर्ग, बधिरपणा, ताठर सांधा हे धोके पत्करायचे आणि हाती काय येणार? मधुमेहानं पायाची संवेदना गेली असेल, रक्तपुरवठा कमी असेल किंवा सिगारेट सुटत नसेल, तर हे धोके आणखी वाढतात.

दुखत असेल तर मात्र हिशेब आधीच मांडावा. बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात आणि कडक तळाचा बूट घालून टाचेवर चालू देतात. हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. संध्याकाळी येणारी सूज कित्येक महिने पिच्छा सोडत नाही. दोन्ही पाय एकदम उरकावेत असं अनेकांना वाटतं, पण टेकायला एक धड पाय हवाच, म्हणून बहुधा जास्त दुखणारा आधी. आणि आपल्याकडे आणखी एक गोष्ट सर्जनना आवर्जून सांगायला हवी: उकिडवं बसता-उठताना टाच उचलली जाते आणि अंगठा त्या सांध्यातून मागे वाकतो. रोज जमिनीवर बसणाऱ्याला, गुडघे टेकून नमाज पढणाऱ्याला किंवा शेतात खुरपणाऱ्याला अंगठा किती सरळ झाला यापेक्षा तो किती वाकतो याची काळजी जास्त. त्यासाठीचे व्यायाम टाके निघताच, डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे, सुरू करायचे असतात.