वखारीतील बॅटऱ्या व चार खणांचा निर्धोक चार्जर

पेडणे व डिचोली या तालुक्यांत पावसाळा सुरू झाला, की झाडाची फांदी तारेवर पडून वीज जाणे नित्याचेच होय. अशा वेळी वखारीतील टॉर्च लिथियम-आयन सेलवर चालतात. बहुधा हा सेल १८ मिलिमीटर व्यासाचा व ६५ मिलिमीटर लांबीचा असतो. १९९१ साली सोनी कंपनीने ही जात प्रथम बाजारात आणिली. २०१९ साली तिच्या तीन जनकांस नोबेल पारितोषिक मिळाले. वस्तू उत्तम खरी, परंतु तिच्या पोटातील द्रव ज्वालाग्राही असतो, आणि आमच्या वखारीत बारदान व धान्याची धूळ यांस तोटा नाही. म्हणून कारागिराकडून चार सेलांचा चार्जर करवून घेताना काय मागावे, हे सभासद बंधूंस ठाऊक असणे अगत्याचे आहे.

सेल दोन टप्प्यांत भरावयाचा असतो. प्रथम प्रवाह स्थिर ठेवावा, दाब ४.२ व्होल्टवर पोहोचला, की दाब स्थिर ठेवून प्रवाह उतरू द्यावा, आणि तो आरंभीच्या सुमारे दहाव्या हिश्शावर आला की भरणी तोडावी. दाबात सूट अवघी ०.०५ व्होल्टची. आमच्या मापात पसाभर उणेअधिक झाले तर गिऱ्हाईक रुसते. येथे मर्यादा ओलांडत गेल्यास सेल तापून पेट घेऊ शकतो. तीन व्होल्टच्या खाली उतरलेल्या सेलास आरंभी दहाव्या हिश्शाचाच प्रवाह द्यावा. लोह-फॉस्फेट जातीची मर्यादा ३.६५ व्होल्ट आहे. तो सेल या चार्जरात घालू नये.

आता मुख्य गोष्ट. कित्येक स्वस्त चार्जरांत चारही खण आतून एकत्र जोडलेले असतात. भरलेला सेल ४.१ व्होल्टचा, शेजारचा ३.३ चा, आणि दोहोंचा मिळून अंतर्गत रोध एक दशांश ओहम धरला, तर पहिल्यातून दुसऱ्यात एकदम आठ अँपियर प्रवाह धावेल. खतावणीत प्रत्येक आसामीचे पान निराळे असते, तद्वत प्रत्येक खणास आपले निराळे नियंत्रण, आपला फ्यूज, उलटा सेल घातल्यास प्रवाह अडविणारी योजना आणि सेलास टेकलेला उष्णतामापक हवा. ४५ अंशांवर भरणी थांबावी, आणि ठरावीक तासांनंतर घड्याळानेही ती तोडावी.

उष्णतेचा हिशेबही सोपा आहे. पाच व्होल्टच्या पुरवठ्यावरून साध्या नियंत्रकाने ३.७ व्होल्टच्या सेलास एक अँपियर दिला, तर १.३ वॅट उष्णता होते. चार खणांची पाच वॅटहून अधिक. बंद प्लॅस्टिकच्या डबीत ती कोंडते. खणांमध्ये अंतर, डबीस झरोके व खाली न जळणारे तळ असावे.

चार्जर वखारीत मुळीच ठेवू नये, असे आमचे मत आहे. आगीचे भय तर आहेच. शिवाय कीड मारण्यासाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेविल्या, की निघणारा फॉस्फीन वायू, विशेषतः दमट हवेत, तांबे खातो. गोव्यातील पावसाळ्यात दमटपणाची वाण नाही! गंजलेल्या जोडणीमुळे मापक चुकतो आणि भरणी वेळेवर तुटत नाही. चार्जर पेढीवर, माणसाच्या नजरेसमोर असावा. पेढी बंद करताना त्याची कळ बंद करावी.

सेल पेटलाच तर प्रथम मुख्य वीज तोडून मग भरपूर पाणी ओतावे, कारण तो थंड करणे हेच मुख्य काम असते. दबलेला, गळका वा वेष्टन फाटलेला सेल पुन्हा भरू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याचे दायित्व उत्पादकांवर आहे. तेव्हा तो कचऱ्यात न टाकता, टोकांस चिकटपट्टी लावून, विक्रेत्याकडे द्यावा.