कोबा घोटायचे छोटे मशीन घरीच बनवताय? मोटर निवडताना वॅटच्या आधी फेरे बघा

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात घराची पडवी असो, दुकानासमोरचा ओटा असो की कांदाचाळीपुढची मोकळी जागा, कोबा टाकला की शेवटचे काम गवंड्याच्या हातावरच येते. आधी रंध्याने सपाट करायचे, मग थापीने घोटायचे. हे काम तासन्‌तास उकिडवे बसून होते आणि मनगट, गुडघे, कंबर सगळेच बोलू लागतात.

मोठ्या कामांवर यासाठी पॉवर ट्रॉवेल नावाचे ढकलत चालवायचे मशीन येते. पण भिंतीच्या कडेला, पायरीवर किंवा खांबाजवळ ते फिरत नाही. म्हणून अनेक जण हातात धरायचे छोटे यंत्र स्वतःच जुळवतात: एक तबकडी, दोन मुठी आणि एक मोटर. यातला अवघड निर्णय मोटरचा. तो चुकला तर कोबा बिघडतो, आणि हातही जायबंदी होऊ शकतो.

ग्राइंडर का चालत नाही?

पहिला विचार हमखास ४ इंची अँगल ग्राइंडरचा येतो, कारण तो बहुतेकांच्या घरात असतो. पण तो मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. त्यावर ३० सेंटिमीटरची तबकडी लावली तर तिच्या कडेचा वेग ताशी ६०० किलोमीटरच्या पुढे जातो. तबकडी फुटून उडू शकते. घोटाईसाठी या आकाराच्या तबकडीला मिनिटाला १०० ते २०० फेरे पुरतात.

वॅट आणि पीळ यांत फरक आहे

मोटरवर वॅट लिहिलेले असतात, पण तबकडी फिरवतो तो पीळ, म्हणजे टॉर्क. वॅट तेवढेच ठेवून फेरे कमी केले की पीळ वाढतो. २५० वॅट ११,००० फेऱ्यांवर मिळत असतील तर पीळ जेमतेम ०.२ न्यूटन-मीटर असतो. तेच २५० वॅट गिअर लावून २०० फेऱ्यांवर आणले तर पीळ १२ न्यूटन-मीटरच्या आसपास जातो. गिअरमधली गळती धरली तरी ८ ते ९ उरतो.

मग लागतो किती? ढोबळ हिशेब असा: तबकडीचा व्यास ३० सेंटिमीटर, यंत्राचे वजन आणि हाताचा दाब मिळून ५ किलो. घर्षणाचा गुणांक ०.६ धरला तर सुमारे ३ न्यूटन-मीटर पीळ लागतो. ओला कोबा तबकडीला चिकटतो, म्हणून दुप्पट, म्हणजे ६ धरावा. २०० फेऱ्यांवर याला साधारण १२५ वॅट लागतात. गिअरमधली गळती मिळवली की १८० वॅट. म्हणून गिअर असलेली २५० वॅटची मोटर पुरेशी ठरते.

बाजारातले पर्याय

*इंडक्शन मोटर:* अहिल्यानगरच्या एमआयडीसीत सीजी पॉवरच्या (पूर्वीची क्रॉम्प्टन ग्रीव्हज) कारखान्यात अशा औद्योगिक मोटारी बनतात. त्या टिकाऊ असतात, पण हातयंत्रासाठी फार जड. शिवाय ४ पोलची मोटर आपल्या ५० हर्ट्‌झ विजेवर १,४४० च्या आसपास फिरते, म्हणजे गिअर लागतोच.

*गाडीच्या वायपरची मोटर:* १२ व्होल्ट, आतच गिअर, संथ फेरे. भंगारातही मिळते. २० ते २५ सेंटिमीटरच्या तबकडीने कडा-कोपरे करायला ठीक, पण सतत चालवली तर तापते.

*बॅटरी ड्रिल:* पहिल्या गिअरवर ठेवून ट्रिगरने वेग कमी ठेवता येतो. प्रयोग करून पाहायला हा सर्वात सोपा मार्ग. बाजूची मूठ मात्र हवीच.

*ई-सायकलची २४ व्होल्ट, २५० वॅटची गिअर मोटर:* रोजच्या कामासाठी यांतला सगळ्यात जमणारा पर्याय. कंट्रोलरने वेग कमी-जास्त करता येतो. पूर्ण भारावर ती साधारण १० अँपिअर खेचते, म्हणून १२ अँपिअर-तासाची बॅटरी सुमारे तासभर चालते. बॅटरी यंत्रावर न लादता पाठीवरच्या पिशवीत ठेवावी.

जीव वाचवणाऱ्या गोष्टी

खाली ओला कोबा, हात ओले आणि वायर २३० व्होल्टची, हा मेळ जीवघेणा आहे. म्हणून १२ किंवा २४ व्होल्टची बॅटरीच बरी. मेनची वीज वापरायचीच असेल तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग हवे.

स्विच असा असावा की बोट सुटताच मोटर थांबेल. तबकडी अडकली की सगळा पीळ उलटा हातात येतो. एकाच मुठीवर मनगट मुरगळते. दोन मुठी ३० सेंटिमीटर अंतरावर असतील तर ६ न्यूटन-मीटरला प्रत्येक हातावर २ किलोइतकाच जोर येतो. बॅटरीच्या वायरीवर फ्यूज असावा. मोटर निदान आयपी५४ दर्जाची, म्हणजे धूळ आणि शिंतोडे सहन करणारी असावी. ओले सिमेंट कातडी भाजते, म्हणून रबरी हातमोजे आणि गमबूट घालावेत.

मशीन कधी लावायचे?

मोटर कितीही चांगली असली तरी वेळ चुकली की काम वाया. कोब्यावर पाणी चमकत असताना घोटले तर ते पाणी वरच्या थरात मिसळते. तो थर कच्चा राहतो आणि पुढे त्याची धूळ किंवा पापुद्रे निघतात. पाणी सुकले, उभे राहिल्यावर पावलाचा ठसा फक्त ४-५ मिलिमीटर उमटला, की सुरुवात करावी. नगरकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात आणि कोरड्या वाऱ्यात ही वेळ पटकन निघून जाते. म्हणून कोबा टाकण्याआधीच बॅटरी भरून यंत्र चालवून पाहावे, आणि हातथापी जवळ ठेवावी.

गाईंच्या गोठ्यात मात्र आरशासारखी घोटाई करूच नये. तिथे जनावर घसरून पाय मोडून घेते. यंत्राने सपाट करून झाल्यावर मोटर बंद करावी आणि कोबा ओला असतानाच खराट्याने रेघा ओढून घ्याव्यात.