हनुवटी पुढे आलेली दिसते? उपाय निवडण्याआधी कारण शोधा
इंजेक्शनने हनुवटी लहान होते का? हाडच मोठं असेल, तर नाही. फिलर भर घालतं, हाड कमी करत नाही. बोटॉक्स हनुवटीचा स्नायू सैल करतं. परिणाम साधारण ३ ते ४ महिने टिकतो.

हाड कमी करण्यासाठी जिनिओप्लास्टी करतात. तोंडाच्या आतून छेद घेऊन हाड कापतात, मागे सरकवतात आणि प्लेट-स्क्रूने बसवतात. त्यानंतर खालचा ओठ बधिर होऊ शकतो; बहुतेकदा तात्पुरता, क्वचित कायमचा.

खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात? मग दोष जबड्याचा असू शकतो. अशा वेळी ब्रेसेस आणि जबड्याची शस्त्रक्रिया लागू शकते.

मोठेपणी हनुवटीसोबत हात-पायही वाढू लागले, तर आधी हॉर्मोनच्या डॉक्टरांना दाखवा. तो ॲक्रोमेगाली हा आजार असू शकतो.