विंटेजच्या व्याख्येत ट्रकला जागा नाही. जुना ट्रक दुरुस्तीसाठी विकताना कागदपत्रेच निर्णायक

तिरुवैयारु (तंजावर) : पन्नास वर्षांहून जुन्या मोटारीला किंवा दुचाकीला देशात ‘विंटेज’ वाहन म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळू शकते. त्याच वयाच्या मालवाहू ट्रकला ती मिळत नाही. भात, केळी, ऊस आणि सिमेंट वाहून निवृत्त झालेला एखादा ट्रक भंगारात न देता जुन्या वाहनांच्या हौशी संग्राहकाला विकायचा, असे मालकाने ठरवले, तर त्याची पहिली गाठ पडते ती याच त्रुटीशी. ट्रकची स्थिती कशी आहे, हा प्रश्न नंतर येतो. तो ट्रक कायद्याच्या दृष्टीने आज काय आहे, याचे उत्तर आधी द्यावे लागते.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील तिरुवैयारु हे गाव मराठी वाचकाला संत त्यागराजांच्या समाधीमुळे आणि तंजावरच्या मराठा राजवटीमुळे परिचित आहे. गावाच्या नावाचा अर्थच ‘पवित्र पाच नद्या’ असा आहे. भोवतालचा परिसर भातशेतीचा आणि केळीच्या बागांचा. मेट्टूर धरणाचे पाणी परंपरेने १२ जूनला सोडले जाते आणि त्यावर येथील हंगामाचे चक्र फिरते. अशा प्रदेशात ‘लॉरी’ हे शेतीचेच एक अवजार ठरते. शेतातून गिरणीकडे आणि गिरणीतून बाजाराकडे माल पोहोचवणारी ही वाहने निकामी झाली की गिरणीच्या आवारात किंवा घरामागच्या मोकळ्या जागेत वर्षानुवर्षे उभी राहतात. तंजावर असो वा सांगली, त्यांच्या मालकांपुढील पेच सारखाच आहे.

जुने ट्रक कोणते?

भारतीय रस्त्यांवरील जुन्या ट्रकांचे स्थूलमानाने दोन काळ पडतात. पहिला काळ परदेशी सुट्या भागांच्या जुळणीचा. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणी कारखाना सुरू केला आणि तेथून शेव्हर्लेचे ट्रक बाहेर पडू लागले. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो ही नावे देशभर पोहोचवली. बेडफर्डची चॅसी ट्रकाप्रमाणेच बसलाही वापरली जात असे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या मार्गावर धावलेली राज्य परिवहनची पहिली गाडी लाकडी बांधणीची बेडफर्डच होती.

दुसरा काळ देशी उत्पादनाचा. मद्रासजवळील एन्नोर येथे १९४८ मध्ये स्थापन झालेली अशोक मोटर्स १९५५ मध्ये अशोक लेलँड झाली. टाटांनी १९५४ मध्ये जर्मनीच्या डायम्लर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूर येथे ट्रकनिर्मिती सुरू केली. हा करार १९६९ पर्यंत चालला. त्यामुळे समोरच्या जाळीवर मर्सिडीजचा तारा असलेला टाटा ट्रक कोणत्या काळातला, हे पाहताच कळते.

मात्र हे ट्रक मूळ रूपात क्वचितच सापडतात. पेट्रोल महाग पडू लागल्यावर अनेक डॉज, शेव्हर्ले आणि बेडफर्ड गाड्यांना पर्किन्सचे डिझेल इंजिन बसवले गेले. ही इंजिने मद्रासच्या सिम्पसन कंपनीत बनत. केबिन आणि हौदा तर मुळातच कारखान्याबाहेर, स्थानिक सुतार-लोहारांकडून बांधून घेतला जाई. तमिळनाडूत नामक्कल हे ट्रकबांधणीचे आणि करूर हे बसबांधणीचे केंद्र म्हणून आजही ओळखले जाते.

नियम काय सांगतो?

केंद्र सरकारने १५ जुलै २०२१ रोजी केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून विंटेज वाहनांची स्वतंत्र व्यवस्था आणली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली, वैयक्तिक वापरातील आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी व चारचाकी प्रवासी वाहने तिच्या कक्षेत येतात. चॅसी, सांगाडा किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, अशी अट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे चालते. नूतनीकरणाला ५,००० रुपये लागतात. वाहनाला ‘व्हीए’ अक्षरे असलेली क्रमांकपट्टी मिळते. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज फेरी, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच ते रस्त्यावर आणता येते.

या व्याख्येत मालवाहू वाहनांचा वर्ग नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार मालवाहू वाहन हे ‘परिवहन वाहन’ ठरते. मालक त्यातून भाडे कमावतो की केवळ हौसेने ते बाळगतो, याने वर्गवारी बदलत नाही. परिवहन वाहनाला योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे बोलीभाषेतील ‘पासिंग’, लागते आणि आठ वर्षांनंतर ते दरवर्षी घ्यावे लागते. कायद्याच्या कलम ५६ नुसार हे प्रमाणपत्र नसलेले परिवहन वाहन वैध नोंदणीचे मानले जात नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या अवजड वाहनांच्या योग्यता तपासणीचे शुल्क २५,००० रुपये करण्यात आले. वर्षातून दोनदा फेरीत मिरवायच्या ट्रकसाठी हा खर्च दरवर्षी करणे हौशी मालकालाही जड जाते.

याला १ एप्रिल २०२५ पासून आणखी एक धार आली. त्या दिवशी आयुर्मान संपलेल्या वाहनांविषयीचे पर्यावरण संरक्षण नियम अमलात आले. वैध नोंदणी उरलेली नाही, स्वयंचलित केंद्राने अयोग्य ठरवले आहे किंवा नोंदणी रद्द झाली आहे, अशी वाहने ‘आयुर्मान संपलेली’ मानली जातात. ती १८० दिवसांत अधिकृत संकलन किंवा भंगार केंद्राकडे सोपवण्याची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर आहे. कलम ५६ आणि ही व्याख्या एकत्र वाचली, तर आवारात पासिंगविना उभा असलेला ट्रक वारसा नसून कचरा ठरण्याचा धोका उभा राहतो. मोटारीला विंटेज नोंदणीची ढाल आहे. ट्रकला तीही नाही.

विक्रीआधी कागद

म्हणूनच दुरुस्तीसाठी ट्रक विकताना खरेदीदार पहिल्यांदा नोंदणी पुस्तक मागतो. पुस्तक नसेल, तर कितीही दुर्मीळ ट्रकचे मोल लोखंडाच्या वजनाजवळ येऊन थांबते.

जुनी नोंदणी पुस्तके कागदी असून त्यांची माहिती ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीत नसण्याची शक्यता मोठी असते. ती नोंद परिवहन कार्यालयातून आधी करून घ्यावी लागते. तेथे चॅसी क्रमांकाची खातरजमा होते. सांगाड्यावर ठोकलेला हा क्रमांक गंजाने किंवा रंगाच्या थरांनी झाकलेला असेल, तर हळुवार साफ करून त्यावर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्यावा. घासून किंवा पुन्हा ठोकून तो ‘उठावदार’ करण्याचा प्रयत्न करू नये. तसे केल्यास प्रामाणिक वाहनावरही चोरीचा संशय येतो.

इंजिन बदललेले असेल, तर नव्या इंजिनाचा क्रमांक पुस्तकात चढवला आहे का, हे पाहावे. बँकेचा किंवा सावकारी संस्थेचा बोजा ४० वर्षांपूर्वी फिटला असला, तरी पुस्तकावर तो कायम असू शकतो. तो उतरवण्यासाठी ३५ क्रमांकाचा अर्ज लागतो. ट्रक उभा होता म्हणून कर लागत नाही, हा समजही चुकीचा आहे. वापर बंद असल्याची सूचना वेळेवर दिली नसेल, तर थकबाकी साचलेली असू शकते.

मूळ मालक हयात नसेल, तर गुंतागुंत वाढते. अनेक घरांत ट्रक आजोबांच्या नावावर असतो आणि विकायला नातू निघतो. वारसाने ३१ क्रमांकाच्या अर्जाद्वारे तो आधी आपल्या नावावर करून घ्यावा लागतो. इतर वारसांची लेखी संमती घेतलेली असली, तर पुढचा वाद टळतो. ट्रक नव्या रूपात झळकू लागल्यावर हक्क सांगणारे नातेवाईक पुढे येणे अशक्य नसते.

विक्री झाल्यावर २९ आणि ३० क्रमांकांचे अर्ज भरून हस्तांतर नोंदवावे लागते. खरेदीदार त्याच राज्यातील असेल, तर विक्रेत्याने १४ दिवसांत, परराज्यातील असेल तर ४५ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे, अशी कलम ५० ची तरतूद आहे. परराज्यात ट्रक जाताना ना-हरकत प्रमाणपत्रही लागते. याकडे दुर्लक्ष किती महाग पडते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ६ फेब्रुवारी २०१८ च्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालातून स्पष्ट होते. त्या प्रकरणातील गाडी एकापाठोपाठ एक अनेकांना विकली गेली होती. तरीही नोंदणी ज्याच्या नावावर राहिली, त्यालाच अपघाताच्या भरपाईसाठी न्यायालयाने जबाबदार धरले. ‘पैसे घेतले, चावी दिली, आपला संबंध संपला’ ही समजूत कायद्याला मान्य नाही.

जसे आहे तसे, पण खरे

दुरुस्तीसाठी घेतला जाणारा ट्रक चालू स्थितीत असावा, अशी अपेक्षा नसते. तो शक्य तितका पूर्ण असावा, ही असते. कमानपाटे नव्याने घडवून मिळतात, ब्रेकचे अस्तर बसवून मिळते, रेडिएटर पुन्हा बांधता येतो. हौद्याची लाकडी कामे करणारे कारागीरही सापडतात. न मिळणाऱ्या वस्तू वेगळ्याच असतात : मूळ काचा, दिव्यांच्या चौकटी, जाळी, कंपनीचे नावचिन्ह, डॅशबोर्डवरील मापके, दरवाजाचे खटके. चेन्नईचे पुदुपेट किंवा मुंबईतील चोरबाजार पालथा घालूनही त्यातली एखादीच हाती लागते. त्यामुळे गाडीतून कधी काळी काढून माळ्यावर ठेवलेला भाग गाडीबरोबरच द्यावा. भंगारवाला त्याला किंमत देत नाही, संग्राहक देतो.

विक्रीपूर्वी नवा रंग देणे हे हमखास नुकसानीचे काम. रंगाखाली गंज झाकला आहे, अशी शंका येऊन जाणकार खरेदीदार भाव पाडतो. शिवाय दरवाजावरील जुन्या गिरणीचे नाव, परवान्याची अक्षरे, हाताने रेखाटलेली नक्षी कायमची पुसली जाते. वर्षानुवर्षे बंद असलेले इंजिन खरेदीदारापुढे सुरू करून दाखवण्याचा मोहही टाळावा. आत गंज किंवा पाणी असेल, तर एका झटक्यात ते निकामी होऊ शकते. इंजिन हाताने फिरते की अडकले आहे, एवढे सांगणे पुरेसे असते. कावेरीकाठच्या दमट हवेत खरी तपासणी चॅसीच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांची आणि केबिनच्या तळाची करावी लागते. त्या भागांची उजेडात घेतलेली छायाचित्रे शंभर शब्दांच्या वर्णनापेक्षा उपयोगी पडतात.

‘जसे आहे तसे’ असे करारात लिहिले, म्हणजे विक्रेता मोकळा झाला, असेही नाही. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार खोटे सांगून किंवा जाणूनबुजून लपवून केलेला व्यवहार फसवला गेलेला पक्ष रद्द करू शकतो. बदललेले इंजिन, वितळजोड केलेली चॅसी, हरवलेले पुस्तक या गोष्टी लेखी सांगितल्या, तर किंमत काहीशी कमी येते, पण व्यवहार टिकतो.

वाहतुकीचा मुद्दाही करारातच मिटवावा. पासिंग आणि विमा नसलेला ट्रक रस्त्यावरून ओढत किंवा चालवत नेणे धोक्याचे आणि बेकायदा आहे. तो ट्रेलरवर चढवूनच न्यावा लागतो आणि तो खर्च अनेकदा सौद्याचा मोठा हिस्सा ठरतो.

मूळ रूप कोणते?

जुन्या वाहनांच्या संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ ‘फिवा’ याने २०१२ मध्ये ट्युरिन सनद स्वीकारली. नव्यासारखे चकचकीत करण्यापेक्षा असलेले जपण्यावर तिचा भर आहे आणि वापराच्या काळात झालेले बदल हाही वाहनाच्या इतिहासाचा भाग आहे, असे ती मानते. भारतीय ट्रकला हा दृष्टिकोन विशेष लागू पडतो. डिझेल इंजिन बसवलेला डॉज हा ‘बिघडलेला’ डॉज नाही. एका देशाने परदेशी यंत्र आपल्या गरजेप्रमाणे कसे वाकवले, याचा तो पुरावा आहे.

ब्रिटनमध्ये जुन्या व्यापारी वाहनांसाठीची संस्था १९५८ पासून कार्यरत आहे आणि लंडन ते ब्रायटन ही त्यांची फेरी १९६२ पासून होत आली आहे. १९६० पूर्वीच्या मालवाहू वाहनांना रिकामे चालवण्याच्या अटीवर तेथे वार्षिक तपासणीतून सूटही आहे. भारतात हरियाणातील तावडू येथे २०१३ मध्ये सुरू झालेल्या हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियमने बस-ट्रकांसह सर्व प्रकारची वाहने जमवली आहेत. मात्र देशातील विंटेज सोहळ्यांचा मान आजही बहुधा राजेरजवाड्यांच्या मोटारींनाच मिळतो.

मालवाहू वाहनांचा वर्ग विंटेजच्या व्याख्येत आणणे आणि त्यांना रिकामे, मर्यादित वापरासाठी परवानगी देणे, एवढ्या दुरुस्तीने हा पेच बऱ्याच अंशी सुटू शकतो. तोवर मालकासमोरचा क्रम स्पष्ट आहे : नोंदणी पुस्तक शोधणे, वारसनोंद आणि थकबाकी मिटवणे, परिवहन कार्यालयाकडून ट्रकची नेमकी स्थिती लेखी घेणे आणि मगच खरेदीदार गाठणे. कागद पूर्ण असतील तर ट्रक संग्राहकाच्या अंगणात जातो. अपुरे असतील तर भंगाराच्या काट्यावर. काट्यावर गेलेल्या ट्रकबरोबर धान्य, खत आणि माणसे वाहून नेणाऱ्या एका पिढीची नोंदही वितळून जाते.