टेलची हाक

दिवाळीत तुझ्या बापानं सकाळची पित्ताची गोळी बंद केली आणि आठवडाभरात छातीत असा जाळ उठला, की रात्री पाठीला दोन उशा लावून बसायला लागला. सहा महिने रोज घेत होता ती. एमआयडीसीतली रात्रपाळी, पहाटे तीनला कँटीनचा चहा आणि भजी, पित्त होणारच. आता म्हणतो, "बघा आबा, गोळीशिवाय माझं पोट चालत नाही." मी म्हटलं, अरे, टेलवाला ओरडतोय तो.

हसू नको, चिमे. आपला नीरा डावा कालवा वीर धरणातून निघतो, बारामतीतून पुढं इंदापूर तालुक्यात जातो. तिकडच्या टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला एकच घोर: आवर्तन सुटलं, पण माझ्यापर्यंत पाणी आलं का? आलं तर गप. नाही आलं तर पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याला फोनवर फोन.

जठरात अगदी हेच चालतं. वरच्या अंगाला आम्ल तयार करणाऱ्या पेशी. त्यांच्यातले पंप आपल्या विहिरीवरच्या मोटरला लाजवतील असे. रक्ताशी ताडून बघितलं तर आम्लाची तीव्रता दहा लाख पटींवर नेऊन ठेवतात. आणि खाली, आतड्याच्या तोंडाशी, टेलवाल्या पेशी. घास पोचला की त्या गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक सोडतात. आता गंमत बघ. वर निरोप द्यायचा तर अंतर वीतभर. पण तो सरळ जातच नाही! रक्तात पडतो, यकृतातून, काळजातून, फुप्फुसातून फिरून पुन्हा त्याच जठराच्या वरच्या अंगाला येतो. तिथल्या पेशी हिस्टामिन सोडतात, तेव्हा कुठं पंप धडधडतात.

लंडनच्या जॉन एडकिन्सनं हे १९०५ मध्ये सांगितलं, तर लोक म्हणाले, तुझं गॅस्ट्रिन म्हणजे हिस्टामिनच. तो १९४० मध्ये गेला. १९६४ मध्ये लिव्हरपूलच्या ग्रेगरी आणि ट्रेसी या दोघांनी डुकराच्या जठरातून शुद्ध गॅस्ट्रिन काढून दाखवलं. मेल्यावर का होईना, म्हातारा खरा ठरला.

तर तुझ्या बापाची ही ओमेप्राझोल, पँटोप्राझोल जातीची गोळी चालू पंपाला जाऊन चिकटते आणि तो पंपच निकामी करते. म्हणून ती जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची. बंद पंपावर तिची मात्रा चालत नाही. शरीर नवे पंप बसवत राहतं, म्हणून रोज घ्यावी लागते. पण टेलवाल्याला गोळीचं कोण सांगणार? त्याला एवढंच दिसतं, की आम्ल येत नाही. तो गॅस्ट्रिन वाढवतो, अजून वाढवतो. महिनोन्‌महिने ही हाक ऐकून वरच्या हिस्टामिनवाल्या पेशीही फोफावतात. मग एके दिवशी गोळी थांबते. पंप मोकळे, आणि हाक मारणारा घसा ताणून बसलेला. पूर यायचाच.

डेन्मार्कमध्ये १२० धडधाकट माणसांवर हे करून बघितलं, २००९ मध्ये छापून आलं. कुणालाच पित्ताचा त्रास नव्हता. निम्म्यांना आठ आठवडे खरी गोळी देऊन नंतर चार आठवडे गुपचूप खोटी दिली. बाकीच्यांना पहिल्यापासून खोटीच. शेवटच्या चार आठवड्यांत खरी गोळी घेतलेल्यांपैकी शंभरात ४४ जणांना जळजळ वगैरे झाली, दुसऱ्यांत शंभरात १५ जणांना. पित्त नव्हतं त्यांना गोळीनं पित्त लावलं म्हण की!

तुझ्या बापाला डॉक्टरांनी आता गोळी हळूहळू कमी करत आणायला सांगितलंय. अल्सरवाल्यानं माझं ऐकून परस्पर बंद करू नये हं, त्याचं गणित वेगळं.

काय म्हणालीस? पोटात पाटकरी नाही का? आहे की. टेलवाल्याच्या बांधालाच बसलेला असतो. आम्ल पोचलं की सोमॅटोस्टॅटिन सोडतो आणि म्हणतो, "आलं रे पाणी, गप आता." गोळी चालू असताना तोच बिचारा बिनकामाचा बसून राहतो.